दिवा आणि हिशेबाची वही

स्मरणिकेसाठी लेख दे, विषय कोणताही चालेल, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला आणि मला सातवीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. मराठीच्या बाईंनी मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल हा विषय दिला होता. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी दयाळू परिचारिका, एवढ्यावर मी पाच मिनिटांचं भाषण बेतलं होतं. तिसऱ्या मिनिटाला सगळं विसरले. पुढच्या रांगेतून कोणीतरी एक शब्द पुरवला, पण गाडी काही पुढे सरकली नाही. तरी बाईंनी उत्तेजनार्थ म्हणून एक कंपासपेटी हातात ठेवली.

इतक्या वर्षांनी पुन्हा त्यांच्याविषयीच लिहिते आहे, कारण तेव्हा मी निम्मीच बाई सांगितली होती. उरलेली निम्मी मला नोकरीत भेटली. आणि मागच्या दिवाळीत आपला फौजी मित्र भेटला, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर तो दक्षिण सुदानमध्ये होता. तिथे बंदूक चालवण्यापेक्षा आटा, पिण्याचं पाणी, डिझेल आणि जवानांच्या रजेच्या याद्या यांतच आपले दिवस गेले, असं तो हसत हसत सांगत होता. नाइटिंगेलबाईंचं कामही बरंचसं हेच होतं.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावावरूनच नाव ठेवलेलं. घर श्रीमंत इंग्रजांचं. वडिलांनी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला, आणि फ्लॉरेन्सना गणिताची विशेष ओढ. पण त्यांना रुग्णांची सेवा शिकायची होती, आणि त्या काळी इंग्लंडात रुग्णालयातली चाकरी हलकी समजत. आई आणि बहीण ठाम विरोधात होत्या. मग पहाटे उठून, घरच्यांना न कळता, त्या रुग्णालयांविषयीचे सरकारी अहवाल वाचत आणि आकड्यांची टिपणं काढत. १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, जर्मनीत कायझर्सवर्थ इथे त्यांना काही महिने प्रशिक्षण घेता आलं. १८५३ मध्ये लंडनमधल्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती आली. तिथे त्यांनी काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, आणि जेवण वर चढवण्यासाठी लिफ्ट. म्हणजे परिचारिकेचे पाय जिन्यात झिजणार नाहीत आणि ती रुग्णापाशी राहील. हे वाचल्यापासून मी त्यांना आमच्या जातीची, म्हणजे इंजिनिअर समजते.

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. लढाई क्रिमियात, आणि इंग्रजांचं मोठं लष्करी रुग्णालय काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीत. आजचं हे उस्कुदार. जखमी आणि आजारी सैनिक जहाजांत भरून तिथे आणत. त्यांच्या हालांच्या बातम्या टाइम्स वर्तमानपत्रात आल्या आणि इंग्लंड हादरलं. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे त्यांच्या ओळखीचे. त्यांच्या सांगण्यावरून बाई ३८ जणींची तुकडी घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोचल्या.

रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची भलीमोठी बराक. तिथे टॉवेल नाहीत, साबण नाही, केरसुण्या नाहीत, जेवायला सुरी-काटे नाहीत. याचं कारण मोठं शिकण्यासारखं आहे. नियम असा की सैनिकाने आपले कपडे आणि जेवणाची भांडी स्वतःच्या पाठपिशवीत आणायची, त्यामुळे ती पुरवणं हे रुग्णालयाच्या कोठाराचं काम नाही. प्रत्यक्षात क्रिमियात उतरताना वरच्या हुकुमानेच पिशव्या जहाजावर राहिल्या होत्या. माणूस फाटक्या सदऱ्यानिशी दारात उभा, आणि कागदावर मात्र त्याच्याकडे सगळं आहे! त्यात आलेला माल तपासणी मंडळाच्या मंजुरीशिवाय उघडायचा नाही.

डॉक्टरांना या बायका सुरुवातीला नकोच होत्या. बाईंनी भांडण काढलं नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच आमच्या परिचारिका खोलीत पाऊल ठेवतील, असं ठरवून त्या थांबल्या. सोबतच्या बायका दर्जी काम करत, गाद्या-उशा शिवत बसल्या. काही दिवसांतच जखमींची जहाजांवर जहाजं येऊन थडकली आणि डॉक्टरांनी स्वतःच हाक मारली. तुकडी सांभाळणंही सोपं नव्हतं. निरनिराळ्या धर्मपंथांच्या जोगिणी आणि पगारी परिचारिका एकत्र, त्यांचे आपसातले तंटे वेगळे. दारूपायी काहींना परत पाठवावं लागलं.

टाइम्सच्या वाचकांनी जमवलेला निधी आणि स्वतःचे पैसे यांतून त्यांनी बाजारातून सामान घ्यायला सुरुवात केली. घर भाड्याने घेऊन पाणी तापवायच्या भट्ट्या बसवल्या आणि सैन्यासोबत आलेल्या सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याचं काम दिलं. त्या बायकांच्या हातात दोन पैसे आले आणि रुग्णांच्या अंगावर धुतलेला सदरा. पथ्याच्या जेवणासाठी वेगळं स्वयंपाकघर काढलं. डिसेंबरात आणखी शेकडो आजारी येणार असं कळलं, तेव्हा पडझड झालेला एक भाग सुमारे २०० कामगार लावून दुरुस्त करून घेतला. या सगळ्याचा जमाखर्च रात्री बसून त्या स्वतः लिहीत. मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रं लिहायची तीही रात्रीच. तो दिवा फक्त ओसरीत फिरायला लागत नव्हता.

तिकडे क्रिमियात तर आणखीच विचित्र प्रकार चालला होता. १४ नोव्हेंबरच्या वादळात गरम कपड्यांनी भरलेलं जहाज बुडालं, ते एक झालं. पण जे पोचलं त्याचं काय? सैनिकांना कॉफीच्या कच्च्या हिरव्या बिया वाटल्या. भाजायला जळण नाही, दळायला साधन नाही. स्कर्व्हीने हिरड्या सडत होत्या, आणि तिच्यावरचा लिंबाचा रस बालाक्लावा बंदरात येऊन कित्येक आठवडे वाटपाच्या हुकुमाची वाट पाहत पडून होता. बंदरापासून छावणीपर्यंतचा काही मैलांचा रस्ता चिखलात गेलेला. शेवटी १८५५ च्या सुरुवातीला तिथे खास रेल्वे टाकावी लागली. परदेशी पाठवलेल्या सैन्याचं असंच असतं. हजारो मैल आलेला माल शेवटच्या पाच-सहा मैलांवर अडतो.

सैनिकांच्या पैशाचंही त्यांनी पाहिलं. पगार हातात पडला की दारूत जातो, कारण घरी पाठवायची धड सोय नाही. साहेबलोकांचं मत असं की या माणसांना बचत कळतच नाही. बाईंनी स्वतःच पैसे गोळा करून इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली. पुढे सरकारने मनीऑर्डरीची कचेरी काढली आणि सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड घरी गेले. आपल्यातल्या ज्यांच्या घरी पलटणीतून मनीऑर्डर यायची, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सोबत दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून कॉफीघर आणि वाचनाच्या खोल्याही झाल्या.

आता सर्वांत अवघड भाग. एवढं सगळं करूनही त्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांपैकी शंभरातले सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारने दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर असं स्वच्छता मंडळ पाठवलं. बराकीखाली तुंबलेली गटारं होती, आणि पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारं उपसली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनवर आलं.

युद्ध चालू असताना बाईंची समजूत अशी होती की माणसं मरतात ती उपासमारीने, थंडीने आणि उशिरा आणल्यामुळे. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या गाजावाजा टाळून, मिस स्मिथ या नावाने घरी परतल्या. देशभर त्यांच्या दिव्याचं कौतुक चाललं होतं. त्या मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडत बसल्या. आकड्यांतून दिसलं ते असं की आघाडीजवळच्या साध्या तंबूंतल्या रुग्णांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या मोठ्या रुग्णालयात माणसं जास्त मेली होती. हे दडवणं किती सोपं होतं! विचारणारं कोणी नव्हतं. त्यांनी ते सरकारसाठीच्या अहवालात लिहून काढलं, आणि १८५८ मध्ये पाकळ्यांच्या आकाराचा तो प्रसिद्ध आलेख छापला. रोगाने मेलेल्यांच्या पाकळ्या एवढ्या मोठ्या की लढाईत मेलेल्यांच्या शोधाव्या लागतात. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी रुग्णालयांच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. एका रात्री एका सिस्टरचा फोन आला. पडद्यावर सलाइन शिल्लक दिसतंय, कपाटात एकही बाटली नाही, असं त्या म्हणत होत्या. मी आकडेवारी बरोबर असल्याचं त्यांना शांतपणे समजावलं. त्यांनी शेजारच्या वॉर्डातून बाटल्या आणून वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी कळलं की मुख्य कोठारात सहीसाठी अडकलेला मालही मी शिल्लक म्हणून मोजला होता. चूक मी गुपचूप दुरुस्त केली. नोंदीत मात्र लिहिलं की वापरणाऱ्याचा गैरसमज झाला. त्या सिस्टरांना मी परत फोनही केला नाही. बालाक्लावातल्या लिंबाच्या रसाविषयी वाचलं तेव्हा ती रात्र जशीच्या तशी समोर उभी राहिली.

बाईंनी पुढची अनेक वर्षं आजारपणात, बरीचशी अंथरुणातूनच काम केलं. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रज सैन्याच्या आरोग्यावर आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्यासह इथल्या सगळ्या छावण्यांना त्यांनी प्रश्नांचे छापील तक्ते पाठवले. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, किती मेले. १८६३ च्या अहवालात दर हजारी ६९ मृत्यू निघाले. दहा वर्षांनी तो आकडा १८ वर आला होता. त्या हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत, पण बराकीपासून सुरू झालेली चौकशी खेड्यांपर्यंत गेली, आणि गावांच्या स्वच्छतेविषयी आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतला मान घरच्यांनी नाकारला. गावच्या चर्चमध्ये सैन्यातल्या सार्जंटांनी खांदा दिला, आणि दगडावर नावाची फक्त दोन अक्षरं कोरली.

हा लेख लिहायच्या आधी मी ती जुनी नोंद शोधून काढली आणि तिच्याखाली खरं कारण लिहिलं. सिस्टरांचा नंबर काही मिळाला नाही. बाई, माझ्या भाषणाची राहिलेली दोन मिनिटं ही अशी. कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे.