वासरं वाचवण्यासाठी गाडीत पोती ठेवणारा काऊबॉय : चार्ल्स गुडनाइट

साल १८६६. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. टेक्सासमध्ये गुरं ढीगभर होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. तिकडे न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरजवळ लष्करानं डांबून ठेवलेले हजारो नाव्हाहो लोक उपाशी होते. त्यांच्यासाठी लष्कराला गुरं हवी होती.

ही संधी हेरली तिशीतल्या चार्ल्स गुडनाइटनं. ऑलिव्हर लव्हिंग या मुरलेल्या व्यापाऱ्याला सोबत घेऊन तो सुमारे २,००० गुरं हाकत निघाला. वाटेत जवळपास १३० किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. शेकडो जनावरं दगावली.

त्याहून वाईट हाल वासरांचे. रात्री जन्मलेलं वासरू सकाळी कळपाबरोबर चालू शकत नाही आणि कळप थांबवता येत नाही. म्हणून अशी वासरं रोज सकाळी मारून टाकायची, हाच तेव्हाचा रिवाज. गुडनाइटनंही तेच केलं, पण ते त्याला कायम खुपत राहिलं.

पुढे त्यानं वासरांसाठी वेगळी गाडीच जोडली. आता प्रश्न सुटला असं वाटेल, पण नाही. गाय आपलं वासरू वासावरून ओळखते. गाडीत वासरं एकमेकांना घासली की वास मिसळायचे आणि आई वासराला जवळ घेईना.

यावर उपाय निघाला पोत्याचा! प्रत्येक वासराला खूण केलेलं स्वतंत्र पोतं. दिवसभर पोत्यात प्रवास, संध्याकाळी आईकडे, सकाळी पुन्हा त्याच पोत्यात. वास मिसळेना आणि वासरं जगू लागली.

१८७६ मध्ये गुडनाइट टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत गेला आणि जॉन अडेअरच्या भांडवलावर त्यानं जेए रँच उभं केलं. पत्नी मेरी अ‍ॅनच्या आग्रहावरून संपत चाललेले गवे तिथं सांभाळले. १९२९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी तो वारला.

आज वासरं रँचवरून ट्रकनं फीडलॉटमध्ये, म्हणजे धान्य चारून वजन वाढवायच्या आवारात जातात. आईपासून तुटणं आणि प्रवासाचा ताण एकदम आला, तर त्यांना फुफ्फुसांचा आजार जडतो. त्याला 'शिपिंग फीव्हर' म्हणतात. म्हणून जाणते पशुपालक महिना-दीड महिना आधीच दूध तोडतात, लस देतात, गव्हाणीत खायची सवय लावतात.

साधनं बदलली, पण गुडनाइटला उमगलेली गोष्ट तीच आहे. वासरू प्रवासात टिकणार की नाही, हे निघण्याआधीच्या तयारीवर ठरतं.