फ्रेडरिक लँचेस्टर

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (२३ ऑक्टोबर १८६८, लंडन – ८ मार्च १९४६, बर्मिंगहॅम) हे ब्रिटिश अभियंते, मोटारनिर्माते व वायुगतिशास्त्राचे आद्य अभ्यासक होते. आज बहुतेक मोटारींना असणाऱ्या डिस्क ब्रेकचे (चकती ब्रेकचे) एक आद्य जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

प्रारंभीचे जीवन

त्यांचे वडील वास्तुविशारद होते. साउदॅम्प्टन येथील हार्टली संस्थेत व नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील विज्ञान विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मात्र पदवी न घेताच ते बाहेर पडले. काही काळ पेटंटसाठी आरेखनाचे काम केल्यावर ते बर्मिंगहॅमच्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत रुजू झाले.

मोटारनिर्मिती

त्यांनी बांधलेली पहिली मोटार १८९६ मध्ये रस्त्यावर आली. १८९९ मध्ये त्यांनी फ्रँक व जॉर्ज या बंधूंसह कंपनी स्थापन केली. घोडागाडीला इंजिन बसविण्याऐवजी त्यांनी मोटारीचा प्रत्येक भाग नव्याने आखला. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या प्रारंभीच्या ग्राहकांपैकी एक होते. मोटारी नावाजल्या गेल्या, तरी भांडवलाच्या तुटवड्यामुळे कंपनी १९०४ मध्ये आर्थिक संकटात सापडली व तिची पुनर्रचना करावी लागली.

डिस्क ब्रेक

१९०२ मध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मागच्या चाकाला पत्र्याची चकती पक्की जोडायची आणि गाडी थांबविताना तिची कड दोन जबड्यांच्या चिमट्यात धरायची, अशी ही रचना होती. कल्पना योग्य होती. उणीव होती ती योग्य पदार्थाची. चकतीवर घासणारे अस्तर तांब्याचे असल्याने कर्कश आवाज येई, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते लवकर झिजे. हर्बर्ट फ्रूड यांनी १९०७ च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचे अस्तर पुढे आणल्यावर आवाज कमी झाला. तरीही अनेक दशके ड्रम ब्रेकच प्रचलित राहिले. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळविला आणि त्यानंतर या ब्रेकचा प्रसार झाला.

चकती उघडी असल्यामुळे ती लवकर थंड होते, हा या रचनेचा गुण आहे. पण पाणी व धूळ तिच्यापर्यंत सहज पोहोचतात, ही तिची मर्यादा आजही कायम आहे. आजची चकती सामान्यतः ओतीव लोखंडाची असते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे चकती चाकाच्या हबवर घट्ट जाम होते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपनासारख्या भरपूर पावसाच्या भागात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष सहज उद्भवू शकतो. अशी चकती काढताना कॅलिपर उतरवून, असल्यास तिचे लहान स्क्रू काढून, सांध्यात गंज सोडविणारे तेल मुरू देतात व चकती सर्व बाजूंनी थोडी थोडी ठोकतात. काही चकत्यांना आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळल्यास चकती हबपासून सुटते. नवी चकती बसविण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे आवश्यक असते. गंजाची खपली राहिल्यास चकती डगमगते व ब्रेकचे पेडल थरथरते.

अन्य संशोधन

पंखाला मिळणाऱ्या उचलीविषयीचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये नाकारला गेला. पुढे त्यांनी वायुगतिशास्त्रावर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले (१९०७ व १९०८). १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. इंजिनाची थरथर कमी करणारे संतुलक दंड आणि सैन्यबळाचे गणित मांडणारे लँचेस्टर नियम हेही त्यांचेच कार्य होय.

उत्तरायुष्य व मृत्यू

१९१९ मध्ये त्यांचा डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह झाला. अनेक शोध लावूनही त्यांना पुरेसे आर्थिक स्थैर्य लाभले नाही. अखेरच्या काळात कंपवात व मंद होत गेलेली दृष्टी यांनी ते ग्रासले होते. मोटार उद्योगातील धर्मादाय निधीच्या साहाय्यामुळेच त्यांना स्वतःच्या घरी राहता आले. ज्या ब्रेकचे पेटंट त्यांनी तरुणपणी घेतले होते, त्याचा व्यापक स्वीकार त्यांच्या मृत्यूनंतरच झाला.