फादर लोरेन्सो मास्सा

फादर लोरेन्सो मास्सा यांचा जन्म सन १८८२ मध्यें अर्जेंटिना देशांतील मोरोन येथें झाला. ते सालेशियन संघाचे पुरोहित होते. बुएनोस आयरेस शहराच्या अल्माग्रो पेठेंत मुलें भर रस्त्यांत चेंडू खेळत. एक मुलगा ट्रामखालीं सांपडतां सांपडतां वांचला, असें सांगतात. फादरांनीं मुलांस हांकलून न देतां प्रार्थनागृहाचें अंगण खुलें केलें. अट एवढीच, कीं रविवारीं मिस्सेस हजर राहावें.

ता. १ एप्रिल १९०८ रोजीं या मुलांच्या संघास नांव ठेवावयाचें होतें. मुलांनीं फादरांचेंच नांव सुचविलें. त्यांनीं तें नाकारिलें. अखेर संत लोरेन्सो व १८१३ सालची सान लोरेन्सोची लढाई यांच्या स्मरणार्थ म्हणून त्यांनीं तें मान्य केलें. दुय्यम वर्गांत खेळणारा हा पेठेचा संघ १९१५ सालीं पहिल्या वर्गांत चढला. १९४९ सालीं फादर प्रभुचरणीं गेले. २०१४ सालीं संघानें लिबेर्तादोरेस चषक जिंकिला, तेव्हां त्याचे बाळपणापासूनचे चाहते फ्रान्सिस हे पोपपदीं होते.

चषकाहून आम्हांस त्या उघडलेल्या अंगणाचें मोल अधिक वाटतें. रस्त्यावरील मुलास दोष देणें सोपें आहे. आमच्या देवळाच्या फाटकाची किल्ली मात्र आमच्याच खिशांत आहे, हें या महोत्सवीं आम्हीं विसरूं नये.