वंगणाचा थेंब आणि एलायजा मॅककॉय

काचीगुडा स्टेशनची घुमटांची इमारत १९१६ साली उभी राहिली. नांदेड, परभणी, जालना या वाटेने मनमाडला जाणारी मीटरगेजची गाडी येथून सुटे, आणि हैदराबादेतील कितीतरी मराठी घरांचे सोयरसंबंध तिनेच सांभाळले. त्या काळच्या कोळशाच्या इंजिनाभोवती लांब चोचीची झारी घेऊन सांध्यासांध्यांत तेल सोडणारा माणूस जुन्या मंडळींना आठवत असेल. परंतु त्याची झारी जेथे पोहोचत नसे, तेथे धावत्या गाडीत तेल कसे जाई? या एकाच प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या एलायजा मॅककॉय यांचे चरित्र आपणांस ठाऊक असावे असे आहे.

मॅककॉय यांचे आईबाप अमेरिकेतील केंटकी प्रांतात गुलाम होते. तेथून ते जिवावर उदार होऊन कॅनडात पळाले. त्यांच्या पोटी १८४४ साली एलायजा जन्मले. मुलाची यंत्रांची ओढ पाहून आईबापांनी त्यांना पंधराव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला पाठविले. तेथे यांत्रिकी शिकून ते परतले, तेव्हा घरची माणसे अमेरिकेत मिशिगन प्रांतातील इप्सिलांटी गावी येऊन राहिली होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण माणसांच्या मनातून गेली नव्हती. काळ्या वर्णाच्या माणसाला इंजिनिअरची जागा मिळेना. अखेरीस मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्यांनी फायरमनचे काम पत्करले. भट्टीत कोळसा लोटावयाचा आणि यंत्राला तेल घालावयाचे, एवढेच ते काम. जन्मावरून माणसाचा धंदा ठरविण्याची रीत आपल्याही समाजास अपरिचित नाही. तिने किती बुद्धी वाया घालविली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मॅककॉय मात्र तेल घालता घालता त्या कामाकडेच शास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहू लागले. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफेच्या जोराने दट्ट्या मागेपुढे धावतो. तेथे तेल नसेल तर धातूवर धातू घासतो, तापतो आणि झिजतो. तेल फार झाले तर ते फुकट जाते व काजळी धरते. शिवाय सिलिंडरात वाफ कोंडलेली असताना वरून तेल ओतू गेल्यास ती वाफच ते बाहेर फेकते. म्हणून गाडी उभी करावी, नाहीतर वाफ बंद होण्याची वाट पाहावी, असा प्रकार चाले. या खोळंब्यात वेळ जाई आणि पैसाही.

२३ जुलै १८७२ रोजी मॅककॉय यांना आपल्या वंगणपात्राचे पेटंट मिळाले. जी वाफ तेलाला अडवीत होती, तिलाच त्यांनी तेलाची झडप उघडण्याच्या कामी लावले. वाफेच्या दाबाने पात्रातील दांडी उचलली जाई, झडप उघडे आणि तेल बेताने खाली उतरे. कोणी हात लावावयास नको आणि यंत्र थांबावयास नको. आपल्या निजाम संस्थानात वाडीहून सिकंदराबादेस पहिली आगगाडी आली, ती यानंतर दोन वर्षांनी, १८७४ साली.

असे पात्र करणारे मॅककॉय हे पहिलेच नव्हेत. इंग्लंडात जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० सालीच एक तऱ्हा काढली होती. मॅककॉय यांचे मोठेपण चिकाटीत आहे. त्यांच्या नावावर सुमारे सत्तावन्न पेटंटे आहेत आणि त्यांतील बहुतेक वंगणाचीच. पुढे अतितप्त वाफेची इंजिने आली, तेव्हा नुसते तेल त्या उष्णतेपुढे टिकेना. तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळावी, तर नळ्या तुंबत. यावरचा तोडगा त्यांनी १९१५ साली काढला. तेव्हा त्यांचे वय सत्तर उलटले होते.

बुद्धी होती, पण भांडवल नव्हते. म्हणून बऱ्याच पेटंटांचे हक्क त्यांना पैसेवाल्यांच्या हवाली करावे लागले. स्वतःच्या नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये निघाली ती १९२० साली. दोनच वर्षांनी मोटारीच्या अपघातात ते व त्यांच्या पत्नी मेरी जखमी झाल्या. मेरीबाई त्यातून सावरल्या नाहीत. त्यांनीही वृद्ध काळ्या स्त्रियांसाठी निवारा उभारण्यात पुढाकार घेतला होता. एकाकी झालेले मॅककॉय १० ऑक्टोबर १९२९ रोजी इलॉइझ येथील सार्वजनिक आश्रयरुग्णालयात वारले.

अस्सल मालाला अमेरिकेत खरा मॅककॉय म्हणण्याची रीत आहे. ती यांच्यावरूनच पडली असे पुष्कळ लोक सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. त्या दंतकथेची त्यांना गरजही नाही. २००१ साली अमेरिकेने आपल्या संशोधकांच्या मानमालिकेत त्यांचे नाव घेतले आणि २०१२ साली डेट्रॉइटमधील पेटंट कचेरीला ते दिले. ज्या हातांत समाजाने केवळ झारी दिली, त्या हातांनी झारीचेच काम यंत्राला शिकविले. काचीगुड्याच्या फलाटावर आता वाफेचे इंजिन येत नाही. पण कोठलेही यंत्र मुकाट्याने, न कुरकुरता चालताना दिसले, तर त्याच्या पोटात योग्य वेळी उतरणारा तेलाचा थेंब आहे आणि त्या थेंबामागे कोणाचे तरी आयुष्य आहे, एवढे आपण स्मरावे.