स्वच्छ जहाजाचा कप्तान

लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभेत ३० नोव्हेंबर १७७६ रोजी अध्यक्ष सर जॉन प्रिंगल यांनी त्या वर्षीच्या मानाच्या कोप्ले पदकाचा मानकरी जाहीर केला. हा मान सहसा एखाद्या शास्त्रज्ञाला, नव्या सिद्धान्ताला किंवा प्रयोगाला मिळत असे. त्या दिवशी तो एका दर्यावर्दी कप्तानाच्या छोट्याशा निबंधाला मिळाला. निबंधात नव्या बेटांचे वर्णन नव्हते की ग्रहताऱ्यांची गणिते नव्हती. लांबच्या सफरीत जहाज कोरडे कसे ठेवावे, अंथरुणे कधी उन्हात टाकावीत, भांडी कशी घासावीत आणि खलाशांना काय खाऊ घालावे, एवढेच त्यात होते. पदक स्वीकारायला कप्तान मात्र हजर नव्हता. चार महिन्यांपूर्वीच तो तिसऱ्या सफरीवर निघाला होता आणि त्या सफरीवरून तो परतणार नव्हता. त्याचे नाव जेम्स कुक.

पॅसिफिक महासागराचा नकाशा तयार करणारा, न्यूझीलंडचा किनारा रेखणारा आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरणारा कुक शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असतो. परंतु हा नकाशा ज्या हातांनी काढला, ते हात वर्षानुवर्षे धडधाकट राहिले कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या काळी समुद्रावरच्या मृत्यूंमध्ये तोफगोळ्यांपेक्षा रोगांचा वाटा कितीतरी मोठा होता. १७४० मध्ये कमोडोर अॅन्सनचा ताफा सुमारे १९०० माणसे घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्यांपैकी तेराशेहून अधिक माणसे रोगराईला बळी पडली. लांबच्या सफरीवर निम्मी माणसे गमवावी लागणार, हे आरमाराच्या हिशेबात जणू गृहीतच धरलेले असे.

जेम्स कुकचा जन्म १७२८ मध्ये यॉर्कशायरमधील मार्टन या खेड्यात एका शेतमजुराच्या घरी झाला. वडील ज्याच्या शेतावर राबत, त्या जमीनदाराने मुलाच्या शाळेचा खर्च उचलला. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो स्टेथ्स या कोळ्यांच्या गावात एका दुकानात नोकरीला लागला. गल्ल्यामागे उभे राहून समोरचा समुद्र पाहण्यात दीड वर्ष गेले आणि मग त्याने व्हिट्बी बंदराची वाट धरली. तेथे जॉन वॉकर या क्वेकर पंथीय जहाजमालकाकडे त्याने उमेदवारी पत्करली. वॉकरची जहाजे टाइन नदीकाठचा कोळसा लंडनला नेत. कोळशाची वाहतूक म्हणजे काजळी आणि धूळ. परंतु वॉकरच्या घरची राहणी साधी, शिस्तीची आणि नेटकी होती. मोजकी माणसे, अवघड किनारा आणि मालकाची काटेकोर वृत्ती, या शाळेत कुकचे शिक्षण झाले.

१७५५ मध्ये वॉकरने त्याला एका जहाजाचे कप्तानपद देऊ केले. सव्वीस वर्षांच्या कुकने ते नाकारले आणि तो साधा खलाशी म्हणून शाही आरमारात भरती झाला. आरमारातील जीवन त्याने असे तळापासून अनुभवले. दोन तोफांच्या मधल्या जागेत टांगलेल्या झोळ्या, त्यांत खेटून झोपलेली शेकडो माणसे, पावसात भिजून अंगावरच वाळणारे कपडे, बंद झरोके आणि जहाजाच्या तळाशी साचून कुजणारे पाणी. जबरदस्तीने पकडून आणलेल्या माणसांबरोबर तुरुंगातले आणि गल्लीबोळांतले रोगही जहाजावर चढत. १७५८ मध्ये ‘पेम्ब्रोक’ या युद्धनौकेवरून अटलांटिक ओलांडताना वीसहून अधिक सहकारी दगावलेले त्याने पाहिले. हॅलिफॅक्सच्या बंदरात पोहोचल्यावर आणखी कित्येकांना इस्पितळात न्यावे लागले. शत्रूचे दर्शन होण्यापूर्वीच जहाज अर्धमेले झाले होते.

पुढे सेंट लॉरेन्स नदीचे आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे नकाशे काढून कुकने नाव कमावले. १७६२ मध्ये एलिझाबेथ बॅट्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. १७६८ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ताहितीला जाणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. त्यासाठी निवडलेले ‘एन्डेव्हर’ हे जहाज व्हिट्बीत बांधलेले कोळसावाहूच होते. ३६८ टनांच्या त्या जहाजावर चौऱ्याण्णव माणसे होती. दाटी एवढी की, एकाला झालेला रोग दुसऱ्यापासून दूर ठेवणे जवळपास अशक्य.

कुकने येथे आपली शिस्त प्रथम लागू केली. जहाजावर ७८६० पौंड आंबवलेला कोबी चढवलेला होता. खलाशांना हा आंबट पदार्थ आवडेना. कुकने त्यांच्यावर सक्ती केली नाही. तो पदार्थ अधिकाऱ्यांच्या पंक्तीत रोज वाढला जाईल आणि खलाशांनी हवा तर घ्यावा, एवढीच व्यवस्था त्याने केली. साहेब लोक चवीने खातात म्हटल्यावर आठवडाभरातच कोबीचे वाटप मोजून करण्याची वेळ आली. पण प्रत्येक वेळी तो इतका गोड राहिला नाही. मदेरा बेटावर ताजे मांस घेण्यास नकार देणाऱ्या दोघांना त्याने प्रत्येकी बारा फटक्यांची शिक्षा दिली होती. माणसे जगवण्याचा हा आग्रह त्या काळच्या आरमारी कायद्याच्या धाकानेच चालत होता, हे विसरता येत नाही.

ऑक्टोबर १७७० मध्ये ‘एन्डेव्हर’ डच ईस्ट इंडिजमधील बटाव्हिया, म्हणजे आजच्या जाकार्ता बंदरात पोहोचली, तेव्हा दोन वर्षांच्या सफरीत स्कर्व्हीने एकही माणूस गेलेला नव्हता. पण प्रवाळाच्या खडकावर आपटून जहाजाचा तळ फाटला होता आणि दुरुस्तीसाठी थांबणे भाग होते. त्या अडीच महिन्यांनी सगळे चित्र पालटले. बटाव्हियाचे कालवे घाणीने तुंबलेले होते आणि हिवताप व हगवण घरोघरी होती. जहाजावरचा डॉक्टर सर्वांत आधी गेलेल्यांपैकी एक होता. ताहितीहून आलेला विद्वान वाटाड्या तुपाइया आणि त्याचा छोटा सेवक ताइआता हे दोघेही तेथेच मरण पावले. बंदरात सात जण दगावले. आजार मात्र जहाजाबरोबर निघाला. केप ऑफ गुड होपपर्यंतच्या वाटेवर खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन, चित्रकार सिडनी पार्किन्सन यांच्यासह आणखी वीसहून अधिक जणांना समुद्रात सोडावे लागले. कुकने डेकखालचा भाग घासून व्हिनेगरने धुऊन काढला, पण हगवण हटली नाही. रोग माणसांच्या पोटात आणि पिण्याच्या पाण्यात होता. फळ्या धुऊन तो जाणारा नव्हता. पाण्याबद्दल कुकला संशय आला होता. तो सिद्ध करण्याचे साधन त्या शतकात कोणाकडेच नव्हते.

जुलै १७७२ मध्ये ‘रेझोल्यूशन’ आणि ‘अॅडव्हेंचर’ ही दोन जहाजे घेऊन तो दक्षिण ध्रुवाच्या दिशेने निघाला, तेव्हा बटाव्हियाचा धडा त्याच्या मनात ताजा असणार. या सफरीत त्याने स्वच्छतेचा एक दिनक्रमच आखला. खलाशांच्या पाळ्या दोनाऐवजी तीन केल्या. त्यामुळे प्रत्येकाला सलग झोप मिळे आणि ओले कपडे बदलून वाळवायला वेळही मिळे. हवा बरी असेल तेव्हा झोळ्या आणि अंथरुणे वर आणून वाऱ्यावर टाकली जात. आठवड्यातून एकदोनदा डेकखाली शेगड्या पेटवून ओल घालवली जाई. जेथे शेगडी पेटवता येत नसे, तेथे बंदुकीच्या दारूत व्हिनेगर किंवा पाणी कालवून धुरी दिली जाई. जहाजाच्या अगदी तळाशी, घाण पाणी साचणाऱ्या विहिरीत लोखंडी भांड्यातून विस्तव सोडला जाई. तांब्याची भांडी लख्ख असलीच पाहिजेत आणि खारवलेले मांस शिजवताना वर येणारी चरबी माणसांना द्यायची नाही, असा दंडक होता. रविवारी सर्वांनी स्वच्छ कपड्यांत हजेरी लावायची. जेथे गोडे पाणी दिसेल तेथे जुने पाणी ओतून ताजे भरून घ्यायचे. अंटार्क्टिकाच्या समुद्रात तर त्याने हिमनगांचे तुकडे वर ओढून वितळवले. त्या पाण्यावर पिण्याची सोय झाली आणि कपडेही धुऊन निघाले.

या शिस्तीची परीक्षा सोबतच्या दुसऱ्या जहाजाने घेतली. जुलै १७७३ मध्ये ‘अॅडव्हेंचर’वर वीसेक माणसे स्कर्व्हीने अंथरुणाला खिळल्याचे आणि तेथील आचारी मरण पावल्याचे कुकला कळले. हा आचारी आळशी आणि अस्वच्छ म्हणून ओळखला जाई. मोकळ्या हवेसाठी डेकवर यायचाही त्याला कंटाळा असे. त्याच समुद्रात, तेच सामान घेऊन निघालेल्या ‘रेझोल्यूशन’वर मात्र आजारी माणसे अगदी मोजकीच होती. फरक होता तो वरिष्ठाच्या आग्रहाचा. ‘अॅडव्हेंचर’चा कप्तान टोबायस फर्नो हा धाडसी होता, पण रानातली हिरवी पाने तोडून आणा, ती शिजवा, खा, असा रोजचा पिच्छा पुरवणे त्याला जमले नव्हते.

फेब्रुवारी १७७४ मध्ये कुक स्वतःच पोटाच्या विकाराने मरणाच्या दारी पोहोचला. जहाजावर ताजे अन्न उरलेले नव्हते. अखेर निसर्गशास्त्रज्ञ फॉर्स्टर यांचा लाडका कुत्रा मारून त्याचे सूप कप्तानाला देण्यात आले. त्यावर तो तगला. ३० जुलै १७७५ रोजी ‘रेझोल्यूशन’ मायदेशी परतली. तीन वर्षे आणि अठरा दिवसांत शंभराहून अधिक माणसांपैकी फक्त चौघे गमावले होते. त्यांपैकी तिघांचा अंत अपघाताने झाला. रोगाने गेला तो एकच आणि तोही स्कर्व्हीने नव्हे. त्या काळच्या आरमारात ही गोष्ट कोणालाही चमत्कारच वाटली असती.

कुकला आपल्या यशाचे कारण मात्र पुरते उमगलेले नव्हते. दूषित हवेतून रोग होतात, अशी त्या काळातील वैद्यकाची समजूत होती आणि धुरी देण्यामागेही तीच होती. प्रत्यक्षात हवेपेक्षा कोरडे कपडे आणि धुतलेली अंथरुणे कामी आली. टायफसचा ज्वर अंगावरच्या उवांमधून पसरतो, हे चार्ल्स निकोलने १९०९ मध्ये दाखवून दिले, तेव्हा कुकच्या दंडकाचा खरा अर्थ उलगडला. स्कर्व्हीबाबत तर त्याचा अंदाज चुकलाच. जेम्स लिंड याने १७४७ मध्येच संत्र्या-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखवला होता. परंतु कुकने आणि त्याहूनही अधिक प्रिंगल यांनी भर दिला तो माल्टच्या काढ्यावर. त्यात स्कर्व्ही रोखणारे जीवनसत्त्व जवळपास नसतेच. कुकच्या नावाचा दबदबा मोठा होता. आरमारात सर्वत्र लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडले, त्यामागे हेही एक कारण होते. यशस्वी माणसाची चूकही यशाइतकीच दूर जाते, ती अशी.

तिसऱ्या सफरीत आणखी एक कटू सत्य समोर आले. जानेवारी १७७८ मध्ये कुक हवाई बेटांवर पोहोचला. आपल्या माणसांमधील गुप्तरोग बेटवासीयांना लागू नयेत म्हणून त्याने स्त्रियांना जहाजावर येण्यास आणि रोगी खलाशांना किनाऱ्यावर उतरण्यास सक्त मनाई केली. हुकूम पाळला गेला नाही. खराब हवेमुळे एका तुकडीला किनाऱ्यावरच रात्र काढावी लागली, हेही निमित्त झाले. नोव्हेंबरमध्ये तो परतला, तेव्हा रोग त्याच्या आधीच दुसऱ्या बेटावर पोहोचला होता. स्वतःच्या माणसांना रोगापासून वाचवणारे जहाज इतरांसाठी रोगाचे वाहन ठरले होते. पुढे कित्येक दशके परदेशी जहाजांतून आलेल्या साथींनी हवाईची लोकसंख्या झपाट्याने घटत गेली.

१४ फेब्रुवारी १७७९ रोजी केआलाकेकुआ उपसागरात चोरीला गेलेल्या एका होडीवरून वाद पेटला. तेथील राजाला ओलीस धरण्याचा कुकचा प्रयत्न अंगाशी आला आणि किनाऱ्यावरच्या झटापटीत तो मारला गेला. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. कोप्ले पदक त्याच्या हाती कधीच पडले नाही. ते एलिझाबेथकडे गेले होते. सहाही अपत्ये तिच्या डोळ्यांदेखत गेली. एक मुलगा वादळात जहाजासह बुडाला, दुसराही पाण्यातच गेला आणि तिसऱ्याला केंब्रिजमध्ये शिकताना संसर्गज्वराने गाठले. १८३५ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तिने जगाचा निरोप घेतला. हजारो मैल दूर परक्या माणसांचे प्राण जपणाऱ्या कप्तानाच्या स्वतःच्या घराला हे भाग्य लाभले नाही.

आज समुद्रावरची सफर मौजेची झाली आहे. वातानुकूलित केबिन, पोहण्याचे तलाव आणि दिवसभर उघडी भोजनगृहे असलेली जहाजे हजारो प्रवासी घेऊन फिरतात. पण दाटी तीच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३७०० हून अधिक लोकांपैकी सातशेहून अधिक जणांना करोनाची लागण झाली. नोरोव्हायरसची उलट्या-जुलाबांची साथ तर अशा जहाजांवर पुनःपुन्हा येते. हा विषाणू दाराच्या मुठीवर, कठड्यावर, नळावर दिवसेंदिवस टिकतो आणि अल्कोहोलच्या जेलला फारशी दाद देत नाही. त्यावर साबण आणि पाण्याने नीट हात धुणे हाच खात्रीचा उपाय आहे. जिवाणू-विषाणूंची नावेही ठाऊक नसलेल्या कुकने भांडी घासण्याचा, कपडे वाळवण्याचा आणि ताजे पाणी भरण्याचा कंटाळा कोणाला करू दिला नाही. शास्त्र त्याच्यापुढे खूप दूर गेले आहे. कंटाळा न करण्याची गोष्ट मात्र अजूनही प्रत्येक प्रवाशाला स्वतःच शिकावी लागते.