जिमी डूलिटल
जेम्स हॅरोल्ड ‘जिमी’ डूलिटल (१४ डिसेंबर १८९६ – २७ सप्टेंबर १९९३) हे अमेरिकी वैमानिक, वैमानिकी अभियंते आणि सेनानी होते. अलामेडा, कॅलिफोर्निया येथे जन्मलेल्या डूलिटल यांनी १९२५ मध्ये एमआयटीतून वैमानिकी विषयात डॉक्टरेट मिळवली. १८ एप्रिल १९४२ रोजी टोकियोवर झालेल्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व त्यांनीच केले. त्या कीर्तीपुढे त्यांचे दुसरे एक काम काहीसे झाकले गेले.

बी-२६ मरॉडर हे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान तेव्हा प्रशिक्षणात वारंवार कोसळत होते आणि नवशिके वैमानिक त्याला धास्तावले होते. एक इंजिन बंद पडले की दुसऱ्याच्या जोराने विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळते. चालू इंजिनाच्या बाजूचा रडर पायाने दाबून ते सावरता येते, मात्र पुरेसा वेग असेल तरच. वेग घटल्यास विमान उलटते. बंद इंजिनाकडे वळणे म्हणजे मृत्यू, असाच वैमानिकांचा समज होता. डूलिटल यांनी त्यांच्यादेखत उड्डाण घेतानाच एक इंजिन बंद केले, त्याच बाजूला तीव्र वळण घेतले आणि एका इंजिनावर विमान उतरवले. पुढे प्रशिक्षण सुधारले, विमानाचे पंखही लांबवण्यात आले. युरोपातील मोहिमांत मरॉडरची हानी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांमध्ये सर्वांत कमी राहिली.