वकील घडविणारा वकील : चार्ल्स ह्यूस्टन

सरकारी शाळांत काळ्या मुलांना वेगळे बसविणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. या विजयाचा पाया घालणारे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन मात्र तो पाहण्यास हयात नव्हते.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. आजोबांनी गुलामगिरी भोगलेली. वडील मात्र वकील झालेले. चार्ल्स १९१५ साली पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात ते लेफ्टनंट म्हणून फ्रान्सला गेले. तेथे आपल्याच सैन्यातील गोऱ्यांनी त्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा पदोपदी अपमान केला. अंगावर देशाचा गणवेश असूनही माणूस म्हणून किंमत नाही, हे पाहून त्यांनी कायदा शिकण्याचा निश्चय केला. परत येताच ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि १९२३ साली त्यांनी कायद्यातील डॉक्टरेट मिळविली.

एकट्याने लढून भागणार नाही, लढणारे तयार झाले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. १९२९ पासून हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. रात्रीचे वर्ग बंद करून त्यांनी दिवसाचे पूर्णवेळ शिक्षण सुरू केले. शिस्त कडक, अभ्यास त्याहून कडक. थर्गुड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. याच काळात, १९३३ ते १९३५, ह्यूस्टन यांनी वॉशिंग्टनच्या शिक्षण मंडळाचे सदस्य म्हणूनही काम केले.

शाळा वेगळ्या असोत, पण समान असाव्यात, असा १८९६ पासूनचा दंडक होता. समानता अर्थातच कागदावर होती. ह्यूस्टन यांनी दक्षिणेत हिंडून काळ्या मुलांच्या मोडक्या शाळांचे चित्रीकरण केले. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून ते झगडले. १९३६ साली मेरीलँडच्या व १९३८ साली मिसूरीच्या विधी महाविद्यालयाविरुद्धचे खटले त्यांनी जिंकले.

१९४७ साली केशकर्तनालय चालविणाऱ्या गार्डनर बिशप यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनचे गरीब पालक मुलांच्या शाळेसाठी एकत्र आले. ह्यूस्टन यांनी त्यांचे वकीलपत्र फी न घेता स्वीकारले. पुढे हृदयविकाराने अंथरूण धरल्यावर तो लढा त्यांनी सहकाऱ्याच्या हाती सोपविला. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते गेले.

चार वर्षांनी मार्शल यांनी मुख्य खटला जिंकला आणि त्याच दिवशी बिशप यांच्यासोबतच्या पालकांनाही न्याय मिळाला. १९६७ साली मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

आईबापांनो, ज्या झाडाची फळे आपल्याला चाखता येणार नाहीत, तेही लावावे लागते. मुलाला शाळेत धाडताना हे आयुष्य आठवावे.